नोंद आणि नोंदवही : सामान्य निवासी टॉवरचे ज्ञानकोशातील स्थान

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिकलठाणा लागते. गाव जुने, सुखना नदीजवळचे. त्याच्या नावाचे रेल्वेस्थानक आहे, विमानतळ आहे, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहतही आहे. या परिसरात व त्याच्या आसपास गेल्या काही दशकांत बहुमजली निवासी इमारती उभ्या राहिल्या. लोक त्यांना ‘टॉवर’ म्हणतात. त्यांपैकी कोणताही एक टॉवर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा : वाहनांसाठी मोकळा सोडलेला तळमजला, त्यावर एकसारखे मजले, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, प्रवेशद्वारावर सोनेरी अक्षरांतले नाव. त्याचा वास्तुशिल्पी कोणास ठाऊक नाही. तेथे कोणी थोर पुरुष जन्मला नाही. तो कधी पडला नाही, जळला नाही, न्यायालयात गाजला नाही. अशा इमारतीस ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद असावी काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. छापील कोशांच्या काळी तो कोणी विचारला नाही, याचे कारण त्याचे उत्तर तत्त्वाने न मिळता कागदाच्या हिशेबानेच मिळून जात असे. खंडांची संख्या ठरलेली, पृष्ठांची संख्या ठरलेली. एक नोंद आत आली की दुसरी बाहेर जाई. संपादकाला निवडीचे तत्त्व सांगावे लागत नसे, जागा नाही एवढे सांगितले की पुरत असे. आज मराठी विश्वकोश संगणकाच्या पडद्यावर वाचला जातो, आणि मराठी विकिपीडिया तर २००३ पासून केवळ पडद्यावरच वाढत आला आहे. जागेची सबब उरलेली नाही. जे पूर्वी कागदाने ठरवले ते आता विचाराने ठरवावे लागते, आणि तो विचार मराठीत पुरेसा झालेला नाही.

या गोंधळाचे मूळ काही अंशी भाषेतच आहे. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराची नोंद, नगरपालिकेतील जन्ममृत्यूची नोंद, दुय्यम निबंधकाकडील दस्ताची नोंद आणि ज्ञानकोशातील नोंद या चारही गोष्टींना मराठीत एकच शब्द आहे. पहिल्या तिहींमध्ये नोंदीचे प्रयोजन अस्तित्व सिद्ध करणे हे होय. जमीन आहे, मूल जन्मले, व्यवहार झाला; म्हणून नोंद झालीच पाहिजे, आणि ती सर्वांची सारखीच झाली पाहिजे. तलाठी एका शेताची नोंद घेऊन शेजारचे शेत ‘सामान्य’ म्हणून सोडू लागला तर तो अपराध ठरेल. हा समतेचा आग्रह नोंदवहीला शोभतो. परंतु शब्द तोच असल्यामुळे तो आग्रह नकळत ज्ञानकोशाकडेही सरकतो, आणि ‘त्या इमारतीची नोंद आहे, मग हिची का नाही?’ असा प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारला जातो. ज्ञानकोशातील नोंद ही अस्तित्वाची पावती नसते. एका शीर्षशब्दाखाली असे काही ज्ञान एकत्र करणे, की जे दुसऱ्या कोणत्याही शीर्षशब्दाखाली तितक्या सहजपणे ठेवता येणार नाही, हे तिचे कार्य होय.

चिकलठाण्याच्या टॉवरला नोंदवहीचा तोटा मुळीच नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याचा मंजूर नकाशा महानगरपालिकेत आहे. विमानतळ जवळ असल्यामुळे त्याच्या उंचीवर विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकतीचे बंधन आहे. सदनिकांच्या मालकीसंबंधीचा १९६३ चा अधिनियम आणि सहकारी संस्थांचा १९६० चा अधिनियम यांच्या चौकटीत त्याची कागदपत्रे होतात. आणि २०१७ मध्ये महारेरा अस्तित्वात आल्यापासून नव्या गृहप्रकल्पांची माहिती कोणासही पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध होते. मजले किती, सदनिका किती, काम पुरे कधी होणार, हे सारे तेथे मिळते. हीच माहिती वाक्यरूपाने मांडून तिला ज्ञानकोशाची नोंद म्हणणे म्हणजे नोंदवहीची नक्कल करणे होय. नक्कल मुळापेक्षा नेहमी जुनी आणि कमी विश्वसनीय असते.

मराठीत या प्रकारच्या नकलेचा अनुभव नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात तेवीस खंडांत महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. त्याच्या अकारविल्हे भागात गावांच्या आणि जातींच्या छोट्या छोट्या नोंदी पुष्कळ आढळतात, आणि त्यांची सामग्री बरीचशी सरकारी गॅझेटियरांतून व खानेसुमारीतून आलेली आहे. आजचा वाचक त्यांतील पुष्कळ नोंदी कोरड्या म्हणून टाकून देईल. पण केतकरांवर नक्कल केल्याचा ठपका ठेवणे न्यायाचे होणार नाही. गॅझेटियर इंग्रजीत होते, महाग होते आणि मराठी वाचकाच्या हाती येण्याजोगे नव्हते. परकीय राज्यकर्त्याच्या दप्तरातील माहिती स्वतःच्या भाषेत आणणे हेच त्या वेळी ज्ञानकार्य होते. शिवाय पहिले पाच खंड केवळ प्रस्तावनेला देणाऱ्या या संपादकाच्या मनात सुटी माहिती कोणत्या चौकटीत बसवायची याचा आराखडा पक्का होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईस सिद्ध झालेल्या आणि १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाने ही पद्धत सोडली. लहान गावे गळाली, विषयनोंदी वाढल्या. कोशरचनेच्या दृष्टीने ही प्रगतीच म्हणावी लागेल. मात्र तिची किंमतही मोजावी लागली : सामान्य वस्तू, सामान्य वस्ती, सामान्य घर यांना स्वतंत्रपणे पाहण्याची सवय क्षीण झाली.

मराठी विकिपीडियाने पुन्हा उलट टोक गाठले. तेथे गावांच्या हजारो नोंदी आहेत, आणि त्यांतील असंख्य नोंदी एका साच्यातून काढलेल्या आहेत. गावाचे नाव, तालुक्याचे नाव आणि जिल्ह्याचे नाव बदलले की एक नोंद संपून दुसरी सुरू होते. हवामान आणि लोकजीवन या मथळ्यांखालचा मजकूर शेकडो गावांना सारखाच लागू पडतो. ज्या वाक्यातील विशेषनाम बदलले असता वाक्य खरेच राहते, ते वाक्य त्या विशेषनामाविषयी काहीच सांगत नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कसोटी परिचित आहे; कोशकारांनी ती वापरली तर पुष्कळ श्रम वाचतील. चिकलठाण्याच्या टॉवरवर आज नोंद लिहिली तर ती या कसोटीवर पहिल्याच वाक्यात नापास होईल.

मग नोंदीयोग्य इमारत कोणती? यावर प्रचलित उत्तर असे की, जिच्याविषयी स्वतंत्र व विश्वसनीय अशा अन्य लेखकांनी पुरेसे लिहिले आहे ती. हा निकष व्यवहारात उपयोगी आहे. त्यामुळे जाहिरातदारांचा आणि हौशी मालकांचा उपद्रव टळतो. परंतु तो नेमके काय मोजतो, हे पाहिले पाहिजे. मुंबईत वरळी येथील कॅम्पा कोला कंपाउंडमधील इमारती दिसण्यात सामान्यच. परवानगीपेक्षा अधिक बांधलेल्या मजल्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१३ मध्ये न्यायालयाने ते मजले अनधिकृत ठरवले, आणि त्या सर्वांच्या तोंडी झाल्या. कुलाब्याची आदर्श सोसायटी प्रसिद्ध झाली ती वास्तुगुणांमुळे खचितच नव्हे. लंडनमधील रोनन पॉइंट हा बावीस मजली टॉवर १६ मे १९६८ रोजी वायूच्या स्फोटाने एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत कोसळला, आणि इमारतींच्या स्थैर्याविषयीच्या नियमांत त्याने कायमचे स्थान मिळवले. त्याच शहरातील ग्रेनफेल टॉवर हा १९७० च्या दशकात पुरा झालेला चोवीस मजली टॉवर चार दशके कोणाच्या खिजगणतीत नव्हता. १४ जून २०१७ च्या आगीत तेथे बहात्तर माणसे मरण पावली, आणि आज त्याच्याविषयी ग्रंथालय भरेल एवढे लेखन उपलब्ध आहे.

ग्रेनफेलचे उदाहरण प्रचलित निकषाची मर्यादा स्पष्ट करते. ज्या ज्वालाग्राही आवरणामुळे आग भिंतीवरून वर चढली ते २०१५-१६ च्या नूतनीकरणात बसवलेले होते. म्हणजे आगीच्या आदल्या दिवशी त्या टॉवरविषयी जाणण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अस्तित्वात होतीच. निकषाच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी तो नोंदीस अपात्र होता आणि दुसऱ्या दिवशी पात्र ठरला. बातमीचे लक्ष आणि ज्ञानाचे महत्त्व यांची अशी गल्लत झाली की कोश हा अपघातांची यादी बनतो. मराठीपुरती अडचण याहून मोठी आहे. इंग्रजीत सामान्य इमारतींवरही नगररचनाकार, समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार लिहीत असतात. मराठीत मराठवाड्यातील टॉवरविषयी जाहिरात आणि गुन्हेवृत्त यांपलीकडे फारसे काही सापडत नाही. ‘कोणी लिहिले असेल तरच आम्ही लिहू’ असे कोशाने म्हणावे, आणि कोशात नाही म्हणून विद्यार्थ्याने तो विषय अभ्यासयोग्य मानू नये, असे हे चक्र आहे.

तेव्हा निकष अन्यत्र शोधला पाहिजे, आणि तो शोध नावापासून सुरू करणे योग्य होईल. कारण कोश हा अखेर नावांच्या क्रमाने लावलेला ग्रंथ आहे. चिकलठाणा हे नाव पाहावे. ‘चिखल’ आणि ‘ठाणे’ हे त्याचे घटक ऐकणाऱ्याला जाणवतात. ‘चिखलठाणा’ असेही लिहिले जाते. एकाच शब्दात दोन महाप्राण व्यंजने आली असता पहिल्याचा अल्पप्राण होण्याची प्रवृत्ती अनेक भाषांत दिसते, आणि ‘ख’चा ‘क’ तसाच झाला असावा असे मानण्यास जागा आहे. म्हणजे नावात भूमीचे वर्णन आहे, वस्तीचा प्रकार आहे आणि ध्वनिपरिवर्तनाचा पुरावाही आहे. शहरातील पुऱ्यांची नावे याहून बोलकी आहेत. कर्णपुरा बिकानेरच्या कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याचा पुत्र पद्मसिंह याचा, जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगाचा. मोगल सैन्यातील राजपूत सरदारांच्या छावण्या दख्खनच्या राजधानीभोवती कशा पसरल्या होत्या, याचा नकाशा या तीन नावांवरून काढता येतो. त्या काळी ह्याही सामान्य वस्त्याच होत्या. त्यांतल्या कोणत्या घराला किती खण होते हे आज कोणी विचारीत नाही. पण पुऱ्याचे नाव घेतले की एक इतिहास त्याच्यामागून येतो.

टॉवरांच्या नावांचे असे नाही. देवतेचे, कुटुंबातील व्यक्तीचे किंवा ऐश्वर्यसूचक असे पूर्वपद, आणि ‘हाइट्स’, ‘रेसिडेन्सी’, ‘पार्क’, ‘एन्क्लेव्ह’ यांपैकी एखादे उत्तरपद, एवढी या समासाची घटना. उत्तरपदांचा अर्थ पूर्णपणे झिजलेला आहे : ‘पार्क’मध्ये बाग असेलच असे नाही, आणि ‘हाइट्स’ टेकडीवर असावी अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. एकच नाव एका शहरात अनेक ठिकाणी आढळते, म्हणून रिक्षाचालकाला ते सांगून भागत नाही. जवळच्या चौकाचे नाव सांगावे लागते. व्याकरणाने विशेषनाम असलेले हे शब्द व्यवहारात विशेषनामाचे काम करीत नाहीत. याउलट सिडकोने आपल्या वसाहतीतील विभागांना ‘एन’ हे अक्षर आणि आकडा एवढेच दिले. अशा रूक्ष खुणांना नाव तरी कसे म्हणावे, असे कोणास वाटेल. पण ‘एन-पाच’, ‘एन-सात’ ही आज त्या शहरात नि:संदिग्ध आणि जिवंत स्थलनामे आहेत. दूरदर्शनच्या केंद्रावरून ‘टीव्ही सेंटर’ हे तर एका चौकाचे आणि बाजाराचेच नाव झाले. भाषकसमाज ज्या नावाने दिशा सांगतो, पत्ता देतो, ओळख सांगतो, त्या नावाभोवती ज्ञान साठू लागते. टॉवर या अवस्थेला पोहोचला तर त्याची नोंद करण्यास हरकत नाही. बहुसंख्य टॉवर ती गाठत नाहीत.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप असा की, आज जे सामान्य आहे तेच उद्या नाहीसे होते, आणि नाहीसे झाल्यावर त्याचे वर्णन करायला कोणी उरत नाही. देवगिरीचा किल्ला आणि बीबीचा मकबरा राहतील, कारण ते दगडात आहेत आणि त्यांचे रक्षण होते. कामगाराच्या खोलीचे रक्षण कोण करणार? मुंबईच्या बी.डी.डी. चाळी या आक्षेपाला बळ देतात. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे दोनशेहून अधिक तीन मजली, अगदी सारख्या चाळी बांधल्या. बांधल्या तेव्हा त्या कौतुकाचा विषय नव्हत्या, टीकेचाच होत्या. आज त्या पाडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, आणि गिरणीकामगारांच्या, दलित चळवळीच्या, मुंबईच्या मराठी जीवनाच्या इतिहासात त्यांचे स्थान काय होते हे सांगण्याची धडपड सुरू आहे.

आक्षेप बरोबर आहे. पण त्यावरून प्रत्येक इमारतीची स्वतंत्र नोंद हवी असे निष्पन्न होत नाही. बी.डी.डी. चाळींचा अर्थ त्यांच्या समूहात आहे. अमुक क्रमांकाची चाळ शेजारच्या चाळीहून वेगळी काढून तिच्याविषयी काही सांगता येत नाही; तीन मजले, प्रत्येक मजल्यावर लांब मार्गिका, एका खोलीचे बिऱ्हाड, सामाईक नळ आणि संडास या रचनेमुळे कोणत्या प्रकारचे सहजीवन शक्य झाले, हे मात्र सांगता येते आणि सांगितलेच पाहिजे. एखादी चाळ समूहातून वेगळी निघते ती रहिवाशामुळे. परळच्या बी.आय.टी. चाळीचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वास्तव्यामुळेच स्वतंत्रपणे घेतले जाते. (मराठीतील सर्वांत प्रसिद्ध चाळ तर प्रत्यक्षात नव्हतीच. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ मधील पुस्तकाने जे केले ते कोणत्याही म्युनिसिपल नोंदवहीला साधले नसते. टॉवरला अद्याप असा लेखक भेटावयाचा आहे.)

सामान्य वस्तूचे ज्ञान तिच्या प्रकाराच्या नोंदीत राहते, याचा मराठवाड्याला आलेला अनुभव अत्यंत कटू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली, ती मुख्यत्वे घराखाली गाडली जाऊन. जाड ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांच्या आधाराने घातलेला मातीचा जड थर, असे ते माळवदाचे घर होते. उन्हाळ्यात थंड राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेलेले, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देऊन पाहिले नव्हते. त्यांतील एका घराची नोंद असून काही उपयोग झाला नसता. ‘माळवद’ या शब्दाखाली त्याचे वजन, त्याची बांधणी, दगडांना एकमेकांशी सांधणाऱ्या दुव्यांचा अभाव हे सर्व मराठीत स्पष्ट लिहिलेले असते, तर गवंड्याला आणि अभियंत्याला वाचण्यासारखे काही तरी असते. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधील भूकंपात हाच धडा टॉवरच्या बाबतीत मिळाला. भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली निवासी इमारती कोसळल्या. वाहनांसाठी मोकळा सोडलेला, भिंती नसलेला तळमजला वरच्या मजल्यांच्या तुलनेत दुर्बळ ठरतो, हे त्यांच्या पतनाचे एक प्रमुख कारण होते. चिकलठाण्याच्या टॉवरचे वर्णन करताना प्रारंभी मोकळ्या तळमजल्याचा उल्लेख आला आहे. तो सर्वत्र आढळतो, म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

तेव्हा नोंद हवी ती या प्रकाराची, आणि ती कोरडी असण्याचे कारण नाही. शेतजमीन अकृषिक होऊन भूखंड कसा पडतो, औद्योगिक वसाहतीतील नोकरदार वर्ग टॉवरकडे केव्हा आणि का वळला, विमानतळाच्या सान्निध्याने उंची कशी आटोक्यात राहते, हे तिच्यात यावे. पाण्याचा विषय तर वगळताच येणार नाही. ज्या शहराला पैठणच्या नाथसागरातून पाणी उचलून आणावे लागते आणि जेथे वर्षानुवर्षे नळाला काही काही दिवसांच्या खंडाने पाणी आले, तेथे टॉवरचे अर्थकारण टाकी, विंधनविहीर आणि टँकर यांवर उभे असते. दहाव्या मजल्यावरील बिऱ्हाडाला उद्वाहन आणि पंप एकाच विजेवर अवलंबून आहेत याची जाणीव रोज होते. सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभा, देखभालखर्चाची वर्गणी, गच्ची कोणाची आणि वाहनतळ कोणाचा यांवरचे वाद, हा वाड्याच्या आणि चाळीच्या सहजीवनाहून वेगळा असा सामाजिक व्यवहार आहे. यांतील एकही गोष्ट महारेराच्या माहितीत सापडणार नाही. ती लिहिण्यासाठी क्षेत्राभ्यास करावा लागेल, आणि तो विद्यापीठाच्या विभागांनी नाही करायचा तर कोणी करायचा?

राहता राहिला शीर्षशब्दाचा प्रश्न. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पंधरा मीटर वा त्याहून अधिक उंचीची इमारत ‘उंच’ ठरते. लोकांचा ‘टॉवर’ मीटर मोजून ठरत नाही. संभाजीनगरात ज्याला टॉवर म्हणतात त्याला मुंबईकर साधी बिल्डिंग म्हणेल. ‘अपार्टमेंट’ हा शब्द मूळ भाषेत एका बिऱ्हाडाच्या जागेला लावतात. मराठवाड्याच्या बोलीत तो संपूर्ण इमारतीचा वाचक झाला, आणि आतल्या जागेला ‘फ्लॅट’ हा शब्द राहिला. ‘सदनिका’ शासकीय कागदावर नांदते, बोलण्यात येत नाही. ‘मनोरा’ आणि ‘मिनार’ हे एकाच अरबी मुळाकडे नेले जाणारे शब्द मराठीत केव्हाच रुळले होते. दौलताबादचा चांद मिनार तर शहराच्या शेजारीच आहे. तरीही राहत्या घराला यांपैकी एकही शब्द चिकटला नाही. मुंबईत आमदारांच्या निवासाला ‘मनोरा’ हे नाव दिले गेले खरे, पण ते त्या एका वास्तूपुरतेच राहिले. ‘बहुमजली निवासी इमारत’ हा शीर्षशब्द शास्त्रशुद्ध दिसतो. मात्र तो शोधण्याचे कोणा वाचकाच्या मनात येणार नाही. ‘टॉवर’ या शब्दाखाली घड्याळाचा, विजेचा, दूरध्वनीचा असे अनेक अर्थ गोळा होतील. यास्तव मुख्य नोंद ‘टॉवर, निवासी’ या नावाने करावी, आणि ‘अपार्टमेंट’, ‘सदनिका’, ‘बहुमजली इमारत’ या तीन शब्दांखाली तिच्याकडे निर्देश द्यावा.